टक्के नेमके कशाचे?

पावसाळा सुरू झाला की परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यात एक आकडा रोज विचारला जातो : येलदरी किती भरलं? पूर्णा नदीवरच्या या धरणाची एकूण साठवण क्षमता सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर. त्यातला सुमारे १२४ दलघमी मृतसाठा, आणि उरलेला सुमारे ८१० दलघमी जिवंत साठा. जाहीर होणारी टक्केवारी असते ती या जिवंत साठ्याची. त्यामुळे धरणात १२४ दलघमी पाणी असूनही साठा शून्य टक्के असू शकतो आणि त्यात शेतकऱ्याला काही वावगं वाटत नाही. टक्के कशाचे, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

तोच शेतकरी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आपले सरकार सेवा केंद्रात बसतो तेव्हा त्याच्यासमोर दुसरीच टक्केवारी येते. ऑपरेटरने कागद स्कॅन केलेले असतात, पीडीएफ ठरलेल्या आकारात बसवण्याचं काम चालू असतं आणि पडद्याच्या तळाशी टास्कबारवरच्या एका बटणात हिरवा रंग डावीकडून उजवीकडे सरकत असतो. पाऊण बटण भरतं आणि रंग थांबतो. ‘झालं का, दादा?’ ‘होतंय काका, बसा दोन मिनिटं.’ हे पाऊण कशाचं? पानांचं, फाईलच्या आकाराचं, की वेळेचं? काम हळू चाललंय, अडलंय, की मोडलंय? ऑपरेटरला सांगता येत नाही, कारण प्रोग्राम लिहिणाऱ्याने ते ठरवलेलंच नसतं.

टास्कबारवरची ही पट्टी आणि बटणावर माऊस नेला की उघडणारं खिडकीचं छोटं चित्र, या दोन्ही गोष्टी सॉफ्टवेअरच्या धंद्यात सजावटीच्या खात्यावर टाकल्या जातात. मुख्य काम उरकलं आणि हाताशी वेळ उरला, तर घालायच्या. ही समजूत शहरातल्या एकट्याच्या टेबलावर कदाचित चालून जाईल. तालुक्याच्या गावी, जिथे एका संगणकामागे दहा माणसं खोळंबलेली असतात, तिथे ती लोकांचा दिवस खाते. थांबलेल्या माणसाला यंत्राकडून मिळणारी खबर एवढीच असते, आणि ती खरी असणं हा प्रोग्रामच्या कामाचाच भाग आहे.

या पट्टीमागे बराच विचार झालेला आहे. संगणकाच्या उत्तराला माणूस किती वेळ थांबू शकतो, यावर रॉबर्ट मिलर यांनी १९६८ सालीच निबंध लिहिला होता. पुढे १९९३ मध्ये याकोब निल्सन यांनी तीन मर्यादा सांगितल्या, त्या आजही अभ्यासक्रमात शिकवल्या जातात. एक दशांश सेकंदात उत्तर आलं तर ते तत्काळ वाटतं, एका सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही, आणि दहा सेकंदांनंतर माणसाचं लक्ष दुसरीकडे जातं. या दोघांच्या मधल्या काळात, १९८५ साली, टोरंटो विद्यापीठातले विद्यार्थी ब्रॅड मायर्स यांनी ४८ जणांना पट्टीसह आणि पट्टीविना माहिती शोधायला लावली. ८६ टक्क्यांनी पट्टी आवडल्याचं सांगितलं. पट्टी अचूक नसली तरी ती काहीच नसण्यापेक्षा बरी वाटते, असाही त्यांचा अनुभव होता.

हा शेवटचा निष्कर्ष अनेक प्रोग्रामर सोयीने वापरतात : लोकांना अंदाजे चालतं, मग अचूकतेसाठी डोकं कशाला शिणवा? पण मायर्स यांच्या प्रयोगातला माणूस पट्टी बघत बसून होता. त्या पट्टीवरून त्याला कुठलाही निर्णय घ्यायचा नव्हता. चारठाण्याहून किंवा बोरीहून जिंतूरच्या केंद्रावर आलेल्या माणसाला घ्यायचा असतो. जिंतूरला रेल्वे नाही. परतीची एसटी धरायची की अजून अर्धा तास थांबायचं, तोवर बियाण्याच्या दुकानात जाऊन यायचं की जागा सोडायची नाही, आजची मजुरी बुडालीच आहे तर उद्याचीही बुडवायची का, हे सगळं त्या पट्टीवरून ठरतं. ज्या आकड्यावरून माणूस निर्णय घेतो तो अंदाजे असला तर ‘अंदाजे’ म्हणून दाखवावा लागतो.

आता ही पट्टी प्रत्यक्षात चालते कशी ते पाहू, कारण अडचण फार मोठी असल्याचा समज इथेच गळून पडतो.

टास्कबार आला विंडोज ९५ बरोबर, ऑगस्ट १९९५ मध्ये. कामाची प्रगती मात्र पुढची चौदा वर्षं प्रोग्रामच्या स्वतःच्या खिडकीतच दिसत राहिली. खिडकी खाली केली की प्रगतीही नजरेआड. २२ ऑक्टोबर २००९ रोजी विंडोज ७ बाजारात आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने टास्कबारच्या बटणालाच पट्टी जोडली. प्रोग्रामने ‘आयटास्कबारलिस्ट-३’ नावाच्या जोडणीतून दोनच गोष्टी सांगायच्या : अवस्था कोणती, आणि एकूणपैकी किती झालं. अवस्था पाच आहेत. पट्टी नाही; काम चालू आहे पण किती उरलं ते माहीत नाही, तेव्हा हिरवा पट्टा नुसता सरकत राहतो; काम चालू आहे आणि प्रमाण माहीत आहे, तेव्हा हिरवा रंग भरत जातो; काम थांबवलेलं आहे किंवा माणसाची वाट बघतंय, तेव्हा पिवळा; आणि काम बिघडलं, तेव्हा लाल. दुसऱ्या बाजूला दोन संख्या, झालेलं आणि एकूण. एवढाच सगळा संसार. डॉटनेटच्या ४.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१० पासून, डब्ल्यूपीएफमध्ये लिहिणाऱ्याला हेच काम दोन ओळींत करता येतं. इलेक्ट्रॉनवर लिहिणाऱ्याला एका ओळीत येतं. जावामध्येही नवव्या आवृत्तीपासून, २०१७ पासून, त्याची सोय आहे.

पाच अवस्था करणाऱ्यांनी विचार चोख केला होता. तीन कामं एकाच वेळी चालू असतील आणि त्यांची बटणं एकत्र गोळा झालेली असतील, तर बटणावर कोणाचा रंग दिसावा? नियम असा : आधी बिघडलेल्याचा, मग थांबलेल्याचा, मग प्रमाण माहीत असलेल्या चालू कामाचा, आणि सर्वांत शेवटी प्रमाण माहीत नसलेल्याचा. ज्याला माणसाची गरज आहे त्याचा नंबर पहिला. सरकारी कचेरीत हा क्रम लागला तर किती कामं मार्गी लागतील!

पण हे वापरतं कोण? फाईल एक्सप्लोररमध्ये कॉपी लावली की पट्टी दिसते, क्रोम किंवा फायरफॉक्समधून डाउनलोड लावला की दिसते. कचेऱ्यांसाठी, दुकानांसाठी, वजनकाट्यासाठी, दवाखान्यासाठी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये मात्र ती क्वचित भेटते. आणि भेटली तर बहुधा दोनच अवस्थांत, हिरवी आणि गायब. पिवळी आणि लाल वापरलेलीच नसते. काम अडलं तरी हिरवी पट्टी आहे तिथेच उभी राहते. हँग झालं म्हणून ऑपरेटर प्रोग्राम बंद करतो, पुन्हा सुरू करतो, आणि अर्धवट गेलेला अर्ज दुसऱ्यांदा पाठवतो.

हिरवी असूनही चुकीची माहिती देणारी पट्टी कशी तयार होते, याचं एक साधं गणित आहे. समजा शंभर फाईल पाठवायच्या आहेत. त्यातल्या नव्याण्णव फाईल प्रत्येकी १ एमबीच्या, आणि शेवटची एक ९०० एमबीची. प्रोग्रामरने फाईल मोजल्या. नव्याण्णव फाईल भराभर गेल्या, पट्टी ९९ टक्क्यांवर पोचली. प्रत्यक्षात ९९९ एमबीपैकी ९९ एमबी गेले आहेत, म्हणजे जेमतेम १० टक्के काम झालंय. ऑपरेटर म्हणतो, ‘झालंच, मावशी.’ मावशी उठून पदर सावरते. पुढचा बराच वेळ पट्टी ९९ वर खिळलेली. इथे ऑपरेटर खोटं बोलला नाही, यंत्रही बिघडलं नाही. प्रोग्रामरने छेद चुकीचा निवडला. एमबी मोजले असते तर पट्टी दहावर असती आणि मावशी निवांत बसली असती, किंवा बाजारात जाऊन आली असती.

छेद नीट निवडणं हेच या कामातलं खरं कसब आहे. विंडोजमध्ये फाईल कॉपी करण्याची एक सोय प्रोग्रामला दर टप्प्यावर सांगत राहते की एकूण इतके बाइट, त्यातले इतके गेले. त्याच सोयीला ‘मध्येच तुटलं तर पुढे चालू करता येईल असं कॉपी कर’ असंही सांगता येतं. ज्या तालुक्याच्या हद्दीत येलदरीचं वीजकेंद्र आहे तिथेही लाईट जाते. इन्व्हर्टर दमला की संगणक बंद. पुन्हा सुरू केल्यावर प्रोग्राम शून्यापासून सुरुवात करत असेल, तर लाईट जाण्याआधी दिसलेली साठ टक्के ही संख्या कोणाच्याच उपयोगाची नव्हती. झालेलं काम डिस्कवर नोंदलेलं असेल तरच ‘झालं’ म्हणावं, ही शिस्त पट्टीच्या आधीची आहे. पट्टी तिच्यावर उभी राहते.

अनेक टप्प्यांच्या कामात आणखी एक चूक घडते. स्कॅन शून्य ते शंभर. मग आकार कमी करणं, पुन्हा शून्य ते शंभर. मग अपलोड, पुन्हा शून्य. पट्टी तिसऱ्यांदा शून्यावर आली की बघणाऱ्याचा तिच्यावरचा विश्वास उडतो, आणि तो परत येत नाही. त्यापेक्षा प्रत्येक टप्प्याला साधारण किती वेळ लागतो हे मोजून त्याला शंभरातला वाटा द्यावा. नेटवर अवलंबून असलेल्या टप्प्याचा वाटा मोठा धरावा, कारण वेळ तिथेच जातो. पुण्यातल्या कार्यालयात, वेगवान डिस्क आणि फायबरच्या जोडणीवर प्रोग्राम तपासणाऱ्याला अपलोड दिसतसुद्धा नाही. जिंतूरमध्ये तेच काम सर्वांत मोठं असतं.

आणि जिथे छेद कळण्याची सोयच नाही तिथे काय करायचं? उत्तर त्या पाच अवस्थांतच आहे : सरकता पट्टा. अँटिव्हायरस पूर्ण संगणक तपासायला घेतो तेव्हा किती फाईल आहेत, एकेका झिप फाईलच्या पोटात आणखी किती दडल्या आहेत, हे त्याला सुरुवातीला माहीत नसतं. रहिमतपूरहून येऊन कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी पुण्यात उभं केलेलं क्विक हील हे अँटिव्हायरस महाराष्ट्राच्या गावोगावी पोचलं. डेस्कटॉपवर चालणारं सॉफ्टवेअर मराठी घरातून निघून देशभर विकलं जाऊ शकतं, याचं ते ठळक उदाहरण. त्या किंवा अन्य कोणत्याही अँटिव्हायरससमोर प्रश्न हाच असतो : आधी सगळ्या फाईल मोजण्यात वेळ घालवायचा, की न मोजता कामाला लागून ‘किती उरलं ते माहीत नाही’ असं कबूल करायचं. दोन्ही मार्ग सच्चे आहेत. माहीत नसताना सत्तावीस टक्के दाखवणं हा तिसरा मार्ग, तो बंद व्हायला हवा.

या ठिकाणी विंडोजमधली एक खाच प्रोग्रामरने लक्षात ठेवली पाहिजे. सरकत्या पट्ट्याच्या अवस्थेत काम बिघडलं आणि थेट लाल अवस्था लावली, तर बटण काही भागापर्यंत लाल रंगाने भरलेलं दिसतं. तो भाग कशाचंच प्रमाण दाखवत नाही. बघणाऱ्याला मात्र वाटतं, अमुक इतकं झालं आणि मग बिघडलं. म्हणून लाल पट्टीसोबत खिडकीत स्पष्ट मराठी वाक्य हवंच : ‘सर्व्हरशी संपर्क तुटला. आपला अर्ज पाठवला गेलेला नाही.’ पट्टी वाक्याची जागा घेऊ शकत नाही. लाल-हिरवा फरक न ओळखता येणाऱ्यांसाठी, आणि दृष्टिहीन ऑपरेटरांसाठी तर मुळीच नाही. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर खिडकीतल्या पट्टीची प्रगती चढत्या सुराच्या बीपने ऐकवतो. पण त्यासाठी खिडकीत खरीखुरी पट्टी असावी लागते, रंगवलेलं चित्र नव्हे.

पट्टीने खोटं बोलू नये म्हटलं की एक अभ्यास पुढे केला जातो. ख्रिस हॅरिसन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवून दिलं की शेवटी वेग घेणारी पट्टी लोकांना जलद वाटते, तर शेवटाजवळ अडखळणारी सर्वांत जास्त खुपते. २०१० मध्ये त्यांनी पट्टीवर उलट दिशेला सरकणाऱ्या रेघा घालून तोच वेळ ११ टक्क्यांनी कमी भासवता येतो, हेही दाखवलं. मग थोडी नजरबंदी केली तर बिघडलं कुठे? रेघा कोणत्या दिशेला सरकाव्यात, ही रंगरूपाची बाब आहे, तिला हरकत नाही. पण काम अडलेलं असताना पट्टी पुढे सरकवत ठेवणं वेगळं. तिथे थांबलेल्या माणसाचा वेळ त्याला न विचारता खर्च होतो. पहिली गोष्ट करावी, दुसरी करू नये. सीमारेषा इतकी ठसठशीत आहे.

शंभर टक्के म्हणजे काय, हा प्रश्न त्याहून अवघड आहे, आणि त्याचं महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं उदाहरण आधार नोंदणीचं. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. ही नोंदणी ब्राउझरमध्ये झाली नव्हती. संगणकावर बसवलेल्या नोंदणी प्रोग्रामने दहा बोटांचे ठसे, दोन्ही बुबुळं, चेहरा आणि पत्ता घेऊन एक सांकेतिक पाकीट तयार करायचं, नागरिकाला चौदा अंकी नोंदणी क्रमांक आणि तारीख-वेळ छापलेली पावती द्यायची, आणि पाकीट नंतर यूआयडीएआयकडे, म्हणजे आधार प्राधिकरणाकडे, पाठवायचं. बाहेर पडणाऱ्या माणसाच्या मते पावती हातात पडली की काम शंभर टक्के झालं. ऑपरेटरच्या मते पाकीट अपलोड झालं की झालं. प्राधिकरणाच्या मते आधीच्या नोंदींशी ठसे ताडून पाहिले, दुबार नाही हे ठरलं, की मग झालं. एकाच कामाचे तीन शेवट. नोंदणी नाकारली गेल्याचं समजतं तेव्हा पावती जपून ठेवलेल्या माणसाला फसवल्यासारखं वाटतं, कारण कोणता शंभर टक्के त्याच्या हातात दिला हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

याच आधार व्यवस्थेने एक गोष्ट मात्र फार चांगली केली. नोंदणी केंद्रावर नागरिकाच्या बाजूला तोंड केलेला दुसरा मॉनिटर असलाच पाहिजे, अशी अट घातली. नाव, जन्मतारीख, पत्ता बरोबर टाइप झाला का हे ज्याचं त्याने वाचायचं. समोर बसलेलाही पडदा वापरतो, हे इथे नियमातच मान्य झालं. सेवा केंद्राच्या बाकी प्रोग्राममध्येही हाच विचार का नसावा? दुसरा मॉनिटर परवडणारा नसेल, तर टास्कबारवरचं बटण आहे. मान वळवून तेवढं दिसतं.

इथून खिडकीच्या छोट्या चित्राकडे वळावं लागतं, कारण समोरचाही पडदा बघतो हे मान्य केलं की त्याची दुसरी बाजूही समोर येते.

ही चित्रं व्हिस्टापासून, २००७ पासून, टास्कबारवर दिसू लागली. विंडोज ७ मध्ये ती मोठी झाली, एकाच प्रोग्रामच्या अनेक खिडक्यांची चित्रं ओळीने दिसू लागली, आणि प्रोग्रामला स्वतःचं चित्र पुरवण्याची मुभा मिळाली. साध्या खिडकीला काही करावं लागत नाही, विंडोज स्वतःच चित्र काढतं. मात्र एकाच खिडकीत अनेक टॅब असतील तर प्रत्येक टॅब प्रोग्रामला टास्कबारकडे नोंदवावा लागतो. खिडकी खाली केलेली असेल आणि आतला मजकूर बदलला असेल, तर ‘जुनं चित्र रद्द, नवीन घ्या’ असंही कळवावं लागतं. हे कळवलं नाही तर शिळं चित्र दिसत राहतं.

ऑपरेटरच्या संगणकावर दुपारच्या गर्दीत पीडीएफच्या सात-आठ खिडक्या उघड्या असतात. चिन्ह सगळ्यांचं एकच, लाल. नावं : स्कॅन ०००१, स्कॅन ०००२, स्कॅन ०००३. दोन अर्जदारांचं आडनाव एक, गाव एक. एकाचं रेशनकार्ड दुसऱ्याच्या अर्जाला जोडलं जायला क्षणही लागत नाही, आणि ते निस्तरायला पुढे कितीतरी खेपा पडतात. अशा वेळी छोट्या चित्रात कागदाचा वरचा भाग, जिथे नाव असतं, तेवढाच मोठा करून दाखवला तर चूक टळते. चित्रात खिडकीचा कोणता भाग दिसावा हे ठरवण्याची सोय विंडोजमध्ये आहेच. खिडकीच्या नावातही अर्जदाराचं नाव आधी आणि प्रोग्रामचं नाव शेवटी असावं, कारण टास्कबार नाव उजवीकडून कापतो. स्वतःचं नाव मिरवण्यासाठी प्रोग्रामने अर्जदाराचं नाव कापायला लावू नये.

पण हेच चित्र समोर बसलेल्यालाही दिसतं. माऊस सहज टास्कबारवरून फिरला की मघाच्या बाईचं आधारकार्ड, तिचं बँक पासबुक, तिचा जातीचा दाखला पडद्यावर उघडतो. माऊस त्या चित्रावर थोडा रेंगाळला तर बाकी खिडक्या पारदर्शक होऊन ते पूर्ण आकारात दिसतं. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. कोणाच्या खात्यात किती आणि कोणाचं कर्ज थकलेलं, हे रांगेतल्या पुढच्या माणसाला कळण्याचं काही कारण नाही. यूआयडीएआयने मास्क केलेल्या आधारची सोय दिली, त्यात बारापैकी पहिले आठ अंक झाकलेले असतात. छोट्या चित्रालाही तोच नियम लावता येतो. संवेदनशील कागदाच्या खिडकीसाठी प्रोग्रामने स्वतःचं चित्र द्यावं, त्यात अर्जदाराचं नाव आणि कागदाचा प्रकार असावा, बाकी काही नाही. आणि त्या खिडकीला पूर्ण आकारात डोकावण्याची मनाई करावी. या दोन्ही गोष्टींसाठी विंडोजमध्ये सोयी आहेत. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाल्यावर तर नागरिकाच्या माहितीची काळजी प्रोग्रामरच्या मर्जीवर सोडण्यात अर्थ नाही.

ओळखता यावं म्हणून दाखवणं आणि खासगी म्हणून झाकणं, या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध वाटतात. तशा त्या नाहीत. काम योग्य माणसाच्या नावावर जावं इतकं दाखवायचं, त्याहून एक अंक जास्त नाही. ही मोजणी प्रत्येक खिडकीसाठी वेगळी करावी लागते, आणि ती करण्याइतका वेळ कोणी देत नाही, एवढीच अडचण.

सगळ्यात मोठा आक्षेप वेगळा आहे. आता सगळं ब्राउझरमध्ये आणि मोबाइलवर आलं, डेस्कटॉपच्या टास्कबारची चिंता कशाला? डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून संकेतस्थळावर मिळतो, पंधरा रुपयांत. अर्ज ऑनलाइन, पावती ऑनलाइन. खरंच आहे. पण सेवा केंद्रात दिवसभर बसून पाहावं. स्कॅनर चालवणारा प्रोग्राम डेस्कटॉपवरचा. अंगठा घेणाऱ्या यंत्रामागची सेवा डेस्कटॉपवरची. डिजिटल सहीच्या टोकनचा प्रोग्राम डेस्कटॉपवरचा. दुकानाचं टॅली, लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणाऱ्याचं कोरलड्रॉ, श्री-लिपी, वजनकाट्याची पावती, सगळं डेस्कटॉपवरचं. संकेतस्थळावर बोट ठेवलं जातं तेव्हाही अडलेलं बहुतेक वेळा या मधल्या प्रोग्राममध्ये असतं, आणि तो गप्प असतो. ‘अंगठा घेत नाही’ म्हणजे यंत्र जोडलेलं नाही, सेवा बंद आहे, नेट नाही, की बोटं कामाने झिजली आहेत? कारणं चार, वाक्य एक.

ब्राउझरमध्येही प्रश्न तोच राहतो. खरीप २०२३ मध्ये महाराष्ट्रात एक रुपयात पीकविमा सुरू झाला आणि जुलैअखेर मराठवाड्यातल्या केंद्रांवर झुंबड उडाली. शेवटी ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. अशा दिवसांत ‘सबमिट’ दाबल्यावर गोल फिरत राहतं. अर्ज गेला की नाही हे कळत नाही, म्हणून पुन्हा दाबलं जातं, आणि आधीच वाकलेल्या सर्व्हरवर आणखी ओझं पडतं. ‘आपला अर्ज पोचला, तपासणी बाकी’ एवढी एक अवस्था दाखवली असती तर त्यातली कितीतरी दुबार दाबणी वाचली असती.

एक तांत्रिक मुद्दा उरतो. पट्टी लावण्यापूर्वी काम प्रोग्रामच्या वेगळ्या धाग्यावर (थ्रेडवर) न्यावं लागतं. खिडकी सांभाळणारा धागाच मोठ्या कामात गुंतला तर पाच सेकंदांनी विंडोज ती खिडकी ‘प्रतिसाद देत नाही’ म्हणून फिकी करतं, आणि चालू असलेलं काम ऑपरेटर स्वतःच्या हाताने मारून टाकतो. काम पाठीमागे, खबर पुढे. खबर सेकंदाला दहादा दिली तरी पुष्कळ. ‘रद्द करा’ हे बटण दिलं असेल तर ते खरोखर रद्द करणारं असावं, आणि काम संपल्यावर पट्टी काढून टाकावी. कामात मुरलेल्या प्रोग्रामरला यात दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त वेळ लागू नये.

महाराष्ट्राला हे शिकवण्याची यंत्रणा उभी करायचीही गरज नाही. एमकेसीएलच्या एमएस-सीआयटीने २००१ नंतर गावोगावच्या लाखो तरुणांना टास्कबार म्हणजे काय हे शिकवलं. सेवा केंद्रांतले ऑपरेटर त्यातूनच घडले. वापरणारा तयार आहे. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखला किती दिवसांत मिळाला पाहिजे हेही ठरवून दिलं. कायदा दिवस मोजतो आणि सॉफ्टवेअर मिनिटांचाही हिशेब देत नाही, ही तफावत खरेदीच्या वेळीच मिटवता येते.

म्हणून राज्य सरकारच्या महाआयटीला, जिल्हा कार्यालयांना आणि सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्या प्रत्येक बाजार समितीला व पतसंस्थेला एक विनंती. पुढच्या निविदेत तीन अटी घाला. पाचही अवस्था दाखवल्या पाहिजेत. नागरिकाच्या कागदाचं छोटं चित्र झाकलेलं असलं पाहिजे. आणि स्वीकारण्यापूर्वी प्रोग्राम जिंतूरसारख्या गावातल्या जुन्या संगणकावर, काम चालू असताना नेटची वायर काढून आणि वीज बंद करून तपासला पाहिजे. त्या वेळी पट्टीने काय दाखवलं, ते लेखी नोंदवून मगच बिल मंजूर करावं.